टीव्हीवर संगणकाचे चित्र कडेपर्यंत कसे बसवावे

कोल्हापुरातील ताराबाई पार्कातील एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी दिवाणखान्यासाठी ४३ इंची फुल एचडी टीव्ही घेतला आणि आपला विंडोज १० चा लॅपटॉप एचडीएमआय केबलने त्याला जोडला. चित्र लगेच आले, परंतु खालची पट्टी नखाएवढीच दिसू लागली, स्टार्टचे बटण पडद्याबाहेर गेले आणि खिडकी बंद करण्याची उजव्या कोपऱ्यातील फुली तर दिसेनाशीच झाली. त्यांनी रिझोल्युशन कमी करून १६०० बाय ९०० करून पाहिले, तेव्हा कडा कापलेल्याच राहिल्या आणि अक्षरे मात्र पिंजलेल्या कापसासारखी झाली. घरी आलेल्या एका तंत्रज्ञाने लॅपटॉप जुना झाल्याचे निदान केले, दुसऱ्याने महागडी केबल सुचवली. आता लॅपटॉप बदलावा, केबल बदलावी की टीव्ही परत करावा, असे ते विचारतात.

यांपैकी काहीही बदलण्याची गरज नाही. मी राजारामपुरीत संगणक जोडणी-दुरुस्तीचे काम गेली २२ वर्षे करतो आहे आणि या तक्रारीत दोष बहुतेक वेळा टीव्हीच्या एका सेटिंगमध्ये असतो. लोक मात्र तो लॅपटॉपमध्ये शोधत बसतात, कारण सेटिंग बदलायची सवय आपल्याला संगणकावर असते, टीव्हीवर नसते. म्हणून पहिला नियम असा धरावा की चित्र कापले जात असेल तर आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्यावा आणि टीव्हीकडून होण्यासारखे सर्व झाल्यावरच माउसला हात लावावा. हा क्रम उलटला की काय होते, ते पुढे येईलच.

आधी कापले जाते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. लॅपटॉप १९२० बाय १०८० पिक्सेलचे, म्हणजे तितक्या बारीक ठिपक्यांचे, चित्र पाठवतो आणि आपल्या टीव्हीच्या पडद्यावरही तितकेच पिक्सेल आहेत, म्हणजे पाठवलेला प्रत्येक पिक्सेल पडद्यावरच्या आपल्या जागी तंतोतंत बसायला हवा. टीव्ही मात्र आलेले चित्र थोडे ताणून मोठे करतो आणि कडेचा भाग पडद्याबाहेर सोडून देतो. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. हे ताणणे एकंदर ५ टक्के आहे असे धरले तर डावी-उजवीकडून प्रत्येकी ४८ आणि वर-खालून प्रत्येकी २७ पिक्सेल जातात. विंडोज १० ची खालची पट्टी, स्केल (अक्षरे व बटणे किती मोठी दाखवायची ते सेटिंग) १०० टक्के असताना, ४० पिक्सेल उंच असते. त्यांतील २७ गेले की १३ उरतात, तीच ती नखाएवढी पट्टी. स्टार्टचे बटण ४८ पिक्सेल रुंद असते, म्हणून ते नेमके पूर्णपणे जाते. खिडकीची फुली सुमारे ४५ पिक्सेल रुंद आणि ३० उंच जागेत असते, तीही जाते. गुरुजींनी केलेले वर्णन या हिशेबाशी इतके जुळते की त्यांचा टीव्ही पाहिल्याशिवायही मी ओव्हरस्कॅनचे निदान खात्रीने करू शकतो.

कापल्या गेलेल्या कडा डोळ्यांना दिसतात, पण त्याबरोबर झालेले दुसरे नुकसान सहसा लक्षात येत नाही. कडा सोडून उरलेले १८२४ बाय १०२६ पिक्सेल पुन्हा १९२० बाय १०८० च्या पडद्यावर पसरावे लागतात, म्हणजे दर १९ पिक्सेलना २० पिक्सेलची जागा भरून काढावी लागते. एका पिक्सेलचे दोन तुकडे करून शेजाऱ्यांत मिसळल्याशिवाय हे जमत नाही. त्यामुळे एकाच ओळीतील काही अक्षरे खणखणीत आणि काही मळकट दिसतात. चित्रपट पाहताना हे कोणाच्याही ध्यानात येत नाही, परंतु एक पिक्सेल जाडीच्या काड्यांनी बनलेले देवनागरीचे अक्षर वाचताना डोळे शिणतात, आणि माणूस चष्म्याचा नंबर तपासायला जातो.

टीव्ही असे का करतो, याचे उत्तर काचेच्या नळीच्या जुन्या संचांत आहे. त्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाने वळवून पडद्यावर एकाखाली एक रेषा आखल्या जात. रेषांच्या टोकांना चित्र वाकडे होई, पडद्यावर एकदम उजळ दृश्य आले की नळीचा उच्च दाब किंचित उतरून चित्र फुगे, आणि संध्याकाळी विजेचा दाब कमी झाला की कित्येक संचांत तेच चित्र आकसून चारी बाजूंनी काळी चौकट दिसू लागे. ज्यांनी रविवारी संध्याकाळचा चित्रपट शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिला आहे, त्यांना ती आकसलेली चौकट आठवत असेल. गिऱ्हाईकाला ती दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र काचेपेक्षा थोडे मोठे ठेवण्याची रीत पडली. कार्यक्रम तयार करणारेही ही रीत जाणून होते. महत्त्वाची हालचाल पडद्याच्या मधल्या ९० टक्क्यांत आणि अक्षरे मधल्या ८० टक्क्यांत ठेवायची, असा त्यांचा जुना दंडक होता. आपल्याकडचे प्रक्षेपण ६२५ रेषांच्या पाल पद्धतीचे होते आणि त्यांतील ५७६ रेषांत चित्र असे. त्यांच्याही कडेच्या काही रेषा घरातल्या पडद्यावर पोहोचत नसत.

चपट्या पडद्याला यांतले एकही दुखणे नाही, तरी सवय टिकून राहिली, कारण जुन्या चित्रफितींच्या आणि काही वाहिन्यांच्या कडेला अजूनही ठिपक्यांची पट्टी किंवा काळी किनार दिसते आणि ती झाकणे टीव्हीवाल्यांना सोयीचे वाटते. एचडीएमआयमधून १०८० रेषांचे चित्र आले की ते सेटटॉप बॉक्सचे आहे की लॅपटॉपचे, हे टीव्हीला आकारावरून कळत नाही. दोन्ही सारखेच दिसतात, आणि तो दोन्हींना एकाच कात्रीने कापतो. आपण टीव्हीला सांगायचे ते एवढेच, की या पोर्टवर संगणक आहे, येथे कात्री चालवू नको.

ही सूचना कोठे द्यायची, हे प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाखाली ठेवले आहे आणि या विषयातली खरी डोकेदुखी तीच आहे. सॅमसंगच्या संचांत पिक्चर साइझमध्ये जाऊन १६:९ निवडावे आणि त्याखालचे फिट टू स्क्रीन चालू करावे. जुन्या संचांत यालाच स्क्रीन फिट असे म्हटलेले असते. एलजीमध्ये ॲस्पेक्ट रेशोत जस्ट स्कॅन आहे, तर काही नव्या संचांत ओरिजिनल निवडल्यावर जस्ट स्कॅनचे बटण खाली वेगळे येते. सोनीमध्ये डिस्प्ले एरिया शोधून तेथे फुल पिक्सेल करावे. पॅनासॉनिकमध्ये ओव्हरस्कॅन याच नावाचे सेटिंग असते, ते बंद करावे. फिलिप्सच्या अनेक संचांत अनस्केल्ड असते. कमी किमतीच्या अँड्रॉइड टीव्हींमध्ये पिक्चर किंवा ॲडव्हान्स्ड व्हिडिओ या भागात ओव्हरस्कॅन किंवा डॉट बाय डॉट पाहावे. मेनू उघडताना पडद्यावर लॅपटॉपचेच चित्र असले पाहिजे, हे मात्र विसरू नये. अनेक संचांत हा पर्याय त्या पोर्टवर चित्र येत असतानाच दिसतो, आणि यूट्यूब चालू ठेवून मेनू धुंडाळणाऱ्याला तो सापडत नाही.

याहूनही चांगला उपाय असा की त्या पोर्टचे नाव किंवा चिन्ह बदलून पीसी करावे. सॅमसंग आणि एलजीच्या पुष्कळ संचांत इनपुटच्या यादीत पोर्टवर जाऊन उपकरणाचा प्रकार निवडता येतो. पीसी निवडताच कात्री थांबते, आणि त्याखेरीज रंगांची बारीक काटछाट व चित्र गुळगुळीत करण्याचे काही सोपस्कारही टीव्ही आपणहून बंद करतो. नुसते नाव बदलल्याने काय होणार, असे वाटून बहुतेक जण ही पायरी गाळतात. माझ्या मते पहिली पायरी हीच असावी.

करवीर तालुक्यातील एका गावच्या दूध संस्थेतील गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. संकलनाच्या खिडकीवर भिंतीला टीव्ही लावला होता आणि त्यावर उत्पादकाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि शेवटी रक्कम असे रकाने दिसत. रक्कम अगदी उजव्या कडेला होती, त्यामुळे ३१२.४५ रुपयांच्या जागी ३१२.४ एवढेच दिसे. पावतीवर आकडा पूर्ण येत असूनही, संस्था पाच-पाच पैसे खाते, अशी कुजबुज सुरू झाली, आणि सकाळी सहा वाजता बादली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ओव्हरस्कॅन समजावून सांगणे सोपे नसते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने अक्षरे दोनदा लहान करून दिली. रकाने आकसले, पण तक्ता पडद्याच्या कडेपर्यंतच पसरलेला असल्याने शेवटचा आकडा पुन्हा बाहेरच. मी गेलो तेव्हा संगणकाला हातही लावला नाही. रिमोटवरून स्क्रीन फिट केले आणि पाच नंबरचा अंक जागेवर आला. दोन महिन्यांनी सचिवांचा फोन आला की दुखणे उलटले. जाऊन पाहतो तर कोणीतरी फुटबॉलचा सामना पाहण्यासाठी सेटटॉप बॉक्स पहिल्या पोर्टला लावला होता आणि सामना संपल्यावर संगणकाची वायर दुसऱ्या पोर्टला खोचली होती. हे सेटिंग बहुतेक टीव्हींमध्ये प्रत्येक पोर्टसाठी वेगळे साठवले जाते, काहींत तर चित्राच्या प्रत्येक आकारासाठीही वेगळे असते. त्यामुळे वायर हलली की कात्री परत चालू होते.

टीव्हीचे सेटिंग केल्यानंतर चित्र खरोखर पिक्सेलला पिक्सेल बसले आहे का, हे अंदाजाने ठरवू नये. पेंटमध्ये १९२० बाय १०८० पिक्सेलचे कोरे चित्र घ्यावे, त्याच्या अगदी कडेने एक पिक्सेल जाडीची लाल चौकट काढावी आणि मधोमध एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा उभ्या रेषांचा छोटा ठोकळा करावा. मोठे करून काढल्यास हे काम दहा मिनिटांचे आहे, आणि ठोकळा एकदा जमला की नक्कल करून पसरता येतो. मग ते चित्र संगणकाचे स्केल १०० टक्के ठेवून पूर्ण पडद्यावर उघडावे. चारही बाजूंना लाल रेषा दिसली म्हणजे कडा शाबूत आहेत. ठोकळ्यातल्या रेषा जवळून पाहता सुट्या सुट्या, एकसारख्या दिसल्या म्हणजे ताणाताण थांबली आहे. त्याऐवजी करड्या लाटा किंवा ठरावीक अंतरावर जाड-बारीक पट्टे दिसले तर चित्र अजून कोठेतरी लहान-मोठे होत आहे. चौकट दिसते पण ठोकळ्यात लाटा आहेत, असा निकाल आला तर संगणकाने चित्र आकसले आहे आणि टीव्हीने ते ताणले आहे, असे समजावे. तसे होऊ नये म्हणून तर क्रमाचा आग्रह.

हे आकसणे संगणकावर फार सोपे करून ठेवले आहे. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये एचडीएमआय स्केलिंग नावाची सरकपट्टी असते, एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डेस्कटॉपचा आकार व जागा बदलण्याचे पान असते, इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये स्केलखाली कस्टम असते आणि मॅकमध्ये काही टीव्ही जोडल्यावर अंडरस्कॅनची सरकपट्टी येते. ती सरकवताच कडा आत येतात आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात ग्राफिक्स कार्डाने १९२० चे १८२४ केले, भोवती काळी किनार भरली, आणि टीव्हीने ती किनार कापून १८२४ चे पुन्हा १९२० केले. म्हणजे एकाच चित्राला दोनदा मळणीत घातले. अक्षरे अशा चित्रात कधीही स्वच्छ दिसत नाहीत. मेनूत ओव्हरस्कॅनचा पर्यायच नसलेले काही जुने संच असतात आणि त्यांच्यासाठी ही सरकपट्टी ठीक आहे, पण तो नाइलाज आहे हे ओळखून वापरावी. याउलट टीव्ही नीट केल्यावर चारी बाजूंना काळी चौकट उरली, तर ती बहुधा आधी कोणीतरी सरकवून ठेवलेल्या याच पट्टीची असते. ती शून्यावर आणावी.

आता गुरुजींच्या दुसऱ्या कोड्याकडे वळतो. रिझोल्युशन १६०० बाय ९०० केल्यावरही कडा कापलेल्या का राहिल्या? विंडोजमध्ये डेस्कटॉप किती पिक्सेलचा आहे आणि केबलमधून प्रत्यक्षात किती पिक्सेलचे चित्र जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने गेल्यास दोन्ही ओळी शेजारी दिसतात: डेस्कटॉपचे रिझोल्युशन आणि ॲक्टिव्ह सिग्नलचे रिझोल्युशन. त्यांच्या लॅपटॉपने १६०० बाय ९०० चा डेस्कटॉप तयार करून तो स्वतःच १९२० बाय १०८० पर्यंत ताणला आणि टीव्हीकडे पुन्हा १०८० चेच चित्र पाठवले, असेच घडले असणार. टीव्हीच्या दृष्टीने काहीच बदलले नाही, त्यामुळे कात्री चालूच राहिली आणि अक्षरांची मात्र दुहेरी धूळधाण झाली. या दोन ओळींतले आकडे एकमेकांशी आणि पडद्याच्या मूळ पिक्सेलसंख्येशी जुळले पाहिजेत. अक्षरे लहान वाटत असतील तर रिझोल्युशनला न शिवता स्केल १२५ किंवा १५० टक्के करावे. रिझोल्युशन कमी केले की सगळे चित्र ताणले जाते, तर स्केल वाढवल्यावर बहुतेक प्रोग्राम अक्षरे मोठ्या मापात नव्याने आखतात.

स्केल किती ठेवावे, याचा हिशेब बसण्याच्या अंतरावर आहे. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणून फुल एचडीत एक पिक्सेल जवळजवळ अर्धा मिलीमीटर होतो. २४ इंची मॉनिटरवर तोच पाव मिलीमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. मॉनिटर दीड हातावर असतो आणि टीव्ही तीन मीटरवर, त्यामुळे पिक्सेल मोठा असूनही अक्षर डोळ्याला लहानच पडते. दिवाणखान्यातून वाचण्यासाठी १५० टक्के बहुतेकांना मानवते. हा माझा अनुभवाचा आकडा आहे, शास्त्राचा नव्हे.

ज्यांच्या टीव्हीवर फुल एचडीऐवजी एचडी रेडी लिहिलेले आहे, त्यांची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि ३२ इंची संच घेतलेली कित्येक घरे व शाळा यात मोडतात. त्या पडद्यावर साधारणपणे १३६६ बाय ७६८ पिक्सेल असतात, पण एचडीएमआयवर तो टीव्ही संगणकाला आपण १९२० बाय १०८० किंवा १२८० बाय ७२० घेतो असे सांगतो, कारण टीव्हीच्या जगातले ठरलेले आकार ते आहेत आणि ७६८ रेषांचा त्यांत आकारच नाही. १०८० पाठवले तर सुमारे दर सात पिक्सेल पाचांत कोंबावे लागतात आणि एक्सेलच्या तक्त्यातल्या बारीक रेषा मधूनच गायब होतात. अशा टीव्हीवर यादीत १३६० बाय ७६८ किंवा १३६६ बाय ७६८ दिसत असेल तर तेच निवडावे. यांतील १३६० हा आकडा कोणाची चूक नाही. ग्राफिक्सची जुनी यंत्रणा रुंदी आठच्या पटीत मागत असे, १३६६ ला आठने भाग जात नाही, १३६० ला जातो, आणि बाजूंना राहिलेली तीन-तीन पिक्सेलची काळी रेघ कोणाला दिसतही नाही. यादीत हे आकार नसतील आणि टीव्हीला मागे निळे व्हीजीए पोर्ट असेल, तर ती जुनी केबल लावून पाहण्यास कमीपणा मानू नये. त्या वाटेने अनेक संच ७६८ चे चित्र बिनतक्रार घेतात आणि त्यावर ओव्हरस्कॅनही करत नाहीत. चित्र थोडे बाजूला सरकले तर मेनूतील ऑटो ॲडजस्ट एकदा दाबावे, इतकेच.

केबलविषयी एकच गोष्ट स्पष्ट करतो. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात जाते, त्यामुळे खराब केबलने ठिणग्यांसारखे ठिपके दिसतील, चित्र क्षणभर जाईल किंवा येणारच नाही, पण कडा कापल्या जाणार नाहीत आणि अक्षरे सारखी पुसट होणार नाहीत. सोनेरी टोकांच्या केबलवर पैसे घालून ओव्हरस्कॅन गेल्याचे उदाहरण मी पाहिलेले नाही.

४के टीव्ही असेल तेव्हा मात्र केबल आणि पोर्ट यांचा प्रश्न खरोखर येतो. ३८४० बाय २१६० चे चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायला एचडीएमआय १.४ पुरते, त्याची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट आहे. पण ६० वेळा, पूर्ण रंगांसह पाठवायचे तर २०१३ साली आलेल्या २.० आवृत्तीचे १८ गिगाबिट लागतात. जुना लॅपटॉप ३० वरच अडकतो आणि माउसचा बाण तुटक-तुटक पळतो. तो लॅपटॉप १०८० वर ६० ने चालवणे मला अधिक बरे वाटते, कारण ४के पडद्यावर एका पिक्सेलच्या जागी बरोबर दोन बाय दोनचा चौकोन बसतो आणि विषम ताणाताण होत नाही. सॅमसंग आणि एलजीच्या पुष्कळ ४के संचांत पोर्टची पूर्ण क्षमता मेनूतून उघडावी लागते, एकात तिचे नाव इनपुट सिग्नल प्लस आहे, दुसऱ्यात एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर. ते बंद असेल तर टीव्ही आणि संगणक आपसांत तडजोड करून चार पिक्सेलना मिळून एकच रंग पाठवतात. गुजरीतल्या एका सराफी पेढीत काळ्या पाटीवर लाल अंकांत सोन्याचा भाव झळकत असे आणि लाल अंकांच्या कडा शाई फुटल्यासारख्या दिसत, तर शेजारचे पांढरे अंक स्वच्छ. पांढरा-काळा फरक प्रत्येक पिक्सेलचा वेगळा जातो, रंग मात्र चौघांत वाटून जातो, म्हणून हा दोष लाल किंवा निळ्या अक्षरांतच दिसतो. तेथे मेनूतील ते बटण चालू केले आणि पोर्टला पीसी नाव दिले. अंक धारदार झाले.

अक्षरांभोवती पांढुरकी किंवा काळी कड दिसत असेल तर तो शार्पनेसचा प्रताप असतो. संगणकाच्या चित्राला धार लावण्याची गरज नसते, म्हणून शार्पनेस तटस्थ जागी आणावा. काही कंपन्यांत ती जागा शून्य असते, काहींत मध्यावर, आणि वर सांगितलेला रेषांचा ठोकळा पडद्यावर ठेवून तो कमी-जास्त केला की आपल्या संचातली जागा लगेच कळते. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधारे भाग एकदम बुजत असतील, तर एका बाजूला ० ते २५५ आणि दुसऱ्या बाजूला १६ ते २३५ अशी रंगांची पट्टी धरली गेली आहे. टीव्ही आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींकडे फुल किंवा दोन्हींकडे लिमिटेड ठेवावे.

कधीकधी टीव्हीला लॅपटॉप जोडताच चित्र १०२४ बाय ७६८ किंवा त्याहून लहान येते आणि यादीत मोठा आकारच नसतो. टीव्ही आपली कुंडली संगणकाला ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीतून कळवतो. तिचा पहिला भाग अवघा १२८ बाइटचा असतो. ती नोंद पोहोचली नाही की संगणक सावधपणे लहान आकार धरतो. लांब वायर, स्वस्त स्प्लिटर (एकच चित्र अनेक टीव्हींना वाटणारी डबी) किंवा उलट्या क्रमाने केलेली सुरुवात ही त्याची नेहमीची कारणे. आधी टीव्ही, मग स्प्लिटर आणि शेवटी संगणक सुरू करावा. मंडळाच्या मांडवात एका संगणकावर दोन टीव्ही लावताना तर हा क्रम पाळावाच, कारण स्प्लिटर दोन्ही संचांना झेपेल असाच आकार मागतो आणि एक टीव्ही ७६८ चा निघाला तर दुसऱ्या मोठ्या टीव्हीलाही त्याच्याबरोबर चालावे लागते. लिनक्सवर आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर नावे बदलतात, तत्त्व तेच राहते; पायच्या जुन्या प्रणालीत तर चौकट सोडणे हेच मूळ सेटिंग होते, ते बंद केल्यावरच चित्र कडेपर्यंत जाई.

गुरुजींनी आता करायचे ते असे. लॅपटॉपचे रिझोल्युशन पुन्हा १९२० बाय १०८० करावे, विंडोज की आणि पी दाबून डुप्लिकेटऐवजी सेकंड स्क्रीन ओन्ली निवडावे, कारण डुप्लिकेटमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा पडदा १३६६ चा असला तर टीव्हीलाही तोच आकार मिळतो आणि केलेली सगळी मेहनत तेथेच फुकट जाते. मग टीव्हीवर लॅपटॉपचे चित्र दिसत असतानाच पोर्टला पीसी नाव द्यावे आणि वर दिलेल्या नावांपैकी आपल्या संचात जे असेल ते सेटिंग बदलावे. लाल चौकटीचे चित्र उघडून चारी कडा मोजाव्यात, स्केल १५० टक्के करून आपल्या नेहमीच्या खुर्चीतून एक परिच्छेद वाचून पाहावा. सगळे जमले की टीव्हीच्या मागे त्या पोर्टशेजारी कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर लॅपटॉप असे लिहून ठेवावे, आणि सेटटॉप बॉक्स दुसऱ्या पोर्टला लावावा.